दारातल्या अनसूयाबाई

अनसूयाबाई वानखडे यांनी माझ्या सख्ख्या मामांना माझ्याच दारातून परत फिरवलं, तेव्हा आमची ओळख होऊन पुरती एक दुपारही झाली नव्हती.

मामा सुलतानपूरहून आले होते. मेहकरला बस बदलून, हातात पेढ्यांचा पुडा, मागे मामी आणि मामींच्या मागे दोन शेजारी. भाचा मरणाच्या दारातून परत आला म्हणून त्याला डोळे भरून पाहायला निघालेली ही मंडळी. मी आतल्या खोलीत खाटेवर होतो. आदल्याच दिवशी मुंबईहून खामगावात आलो होतो. ओसरीवर लाकडी स्टुलावर एक धिप्पाड बाई तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं पाय असे पसरले होते की ते ओलांडल्याशिवाय कुणाला आत येता येत नव्हतं.

"कोन पाह्यजे?"

"कोन पाह्यजे म्हंजे? मी त्याचा सख्खा मामा होय!"

"मामा असा नाहीतं मामलेदार असा, आत जाता येत नाही. तिकडे नळ हाय, हे साबन घ्या. कोपरापर्यंत हात धुवा आन् त्या खिडकीपाशी उभे राहा. भाचा खिडकीतून दिसते. चांगला दिसते."

मामांचा आवाज चढला. "अवो बाई, तुमी कोन? या घराच्या कोन लागता तुमी?"

"कोनीच नाही. म्हनून तं मले जमते."

"आन् हे पेढे?"

"तुमी खा. दुरून आले, भूक लागली असन."

मी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसलो. तोंड आतून सोललेलं होतं, त्यामुळे हसताना डोळ्यांत पाणी आलं. मामा रागारागानं खिडकीशी आले, गजांतून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा राग तिथंच विरघळला. पण मामींनी पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं अनसूयाबाईंना काहीच वाटलं नाही. "दोन वर्सानं तुमी जिते असान," त्या म्हणाल्या, "मंग बोलतीन मामी. घाई काय हाय?"

पुढचं सांगण्याआधी थोडं मागं जायला हवं. महाराष्ट्र राज्य होऊन पंचविसेक वर्षं झाली असतील तेव्हा. मी खामगावच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. रक्ताचा कर्करोग झाला. गोळ्यांनी काही काळ दबला, पण तो दबून राहणारा नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुंबईच्या एका इस्पितळात तेव्हा नुकताच एक नवा उपाय सुरू झाला होता: रोग्याची हाडातली मज्जा औषधांनी पार जाळून टाकायची आणि तिच्या जागी भावाची नाहीतर बहिणीची मज्जा घालायची. रक्त जिच्यातून तयार होतं ती मूळ पेशी या मज्जेत असते. आमच्याकडे लोक मज्जेला मगज म्हणतात. माझा धाकटा भाऊ विनायक याचा मगज माझ्याशी जुळला. त्याच्या कमरेच्या हाडातून सुईनं काढून तो रक्ताच्या बाटलीसारखा माझ्या शिरेतून सोडला. मग काचेआडच्या खोलीत वाट पाहत पडलो, नवं बी रुजतं की नाही त्याची.

रुजलं. पण घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टर, केरळच्या होत्या, मला म्हणाल्या, "तुमच्या गावात अनसूयाबाई आहेत. त्यांना भेटा."

"आणि नाही भेटलो तर?"

"मग त्या येतील."

त्या आल्या त्या अशा.

अनसूयाबाईंचे यजमान रामभाऊ खामगावच्या एका तेलगिरणीत मुनीम होते. माझ्याआधी दोन-तीन वर्षं त्यांचाही मगज बदलला होता. मगज त्यांच्या धाकट्या भावानं, श्रीपतनं दिला होता. सगळं सुरळीत झालं आणि रामभाऊ घरी आले. शेगावच्या स्टेशनावर गिरणीतली माणसं बँड घेऊन आली होती. हार घातले, मिठ्या मारल्या. घरी ओवाळलं, गावाकडून भाऊबंद आले, पंगत बसली. ज्यानं त्यानं रामभाऊंच्या तोंडात आपल्या हातानं पेढा घातला. चार दिवस घर असं भरलेलं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी अंग तापलं. थकवा असेल, सकाळी पाहू, असं सगळ्यांचं ठरलं. सकाळी जीप आणली, पण अकोल्याच्या वाटेवर बाळापूर ओलांडायच्या आतच रामभाऊ गेले.

नव्या मगजाचा माणूस तान्ह्या लेकरापेक्षा नाजूक असतो. अंगात लढणारं रक्त अजून तयार होत असतं. मिठी मारणाऱ्याची सर्दी, उघड्या पेढ्यावरची माशी, हारातला ओलावा, यातलं काहीही त्याचा जीव घ्यायला पुरतं. हे मुंबईच्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. पण आनंदात कोण ऐकतं?

अनसूयाबाईंनी ही हकिगत मला एकदाच सांगितली, तीही तुरीत हात घालून, वर न पाहता. "त्याईले कॅन्सरनं नाही मारलं," त्या म्हणाल्या. "हारातुऱ्यानं मारलं. आन् त्यातला एक हार माह्या हातचा होता."

तेराव्यानंतर त्या एकट्या मुंबईला गेल्या. इस्पितळात जाऊन त्या सिस्टरांना म्हणाल्या, आमच्या भागातलं जे कोणी इथून घरी जाईल, त्याचं गाव मला कळवा. बाकी मी पाहते.

दिसायला त्या आडव्या बांध्याच्या, रंगानं सावळ्या. हिरव्या नाहीतर तपकिरी सुती लुगड्यात असत. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसे. पिशवीत लाल साबणाची वडी, एक थर्मामीटर आणि निवडण्यासाठी काहीतरी: डाळ, तांदूळ, ओल्या तुरीच्या शेंगा. रिकामं बसलेल्या बाईशी लोक गप्पा मारायला येतात, काम करणाऱ्या बाईला टरकून असतात, हा त्यांचा हिशेब. साबणानं धुऊन धुऊन त्यांचे स्वतःचे हात भेगाळले होते.

भेटल्या की नमस्कार नाही, रामराम नाही. आधी सवाल. "ताप पाह्यला? पानी उकळलं? गोळी घेतली?" तिन्हींना "हाव" म्हटलं की मग, "हं, कसे हा?" यातल्या एकालाही अडखळलं तर पुढचा अर्धा तास आपली धडगत नसे.

"बरा झाला" हे त्यांना मुळीच खपत नसे. कुणी म्हटलं, सर आता बरे झाले, तर त्या लगेच दुरुस्त करत, "झाले नाही. होऊन राह्यले." भेटायला येणाऱ्यांविषयी त्यांचं मत एका वाक्यात होतं: "भेटाले येनारा अर्धा यम असते. बाकीचा अर्धा त्याच्या पिशवीत असते." शेगावचा प्रसाद कुणी आणला तर मात्र त्या तो दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि देवळीत देवापुढे ठेवून देत. आणणारा कुरकुरला, की म्हणत, "महाराजाले समजते. तुमालेच समजत नाही."

पुढे तपासणीत माझा रक्तगट बदललेला निघाला. माझा जुना गट जाऊन विनायकचा आला होता. हे असं होतंच, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पण माझ्या सासूबाईंना ते ऐकून धास्ती बसली, आणि त्या माझी पत्रिका घेऊन जोशीबुवांकडे जायला निघाल्या. अनसूयाबाईंनी त्यांना ओसरीवरच गाठलं. "रक्तच भावाचं झालं बाप्पा, आता पत्रिका कोनाची दाखवता? शनीले तरी कसं समजाव कोनाले छळाचं थे!" सासूबाई हसत हसत परत आत आल्या.

माझ्यावर खरी वेळ आली ती वैशाखात. भर दुपारी मला हुडहुडी भरली. माझी बायको निर्मला हिनं थर्मामीटर लावलं, पारा शंभराच्या वर. तिचा जीव घाबरा झाला, पण तिला वाटलं, ऊन लागलं असेल. पट्ट्या ठेवून पाहू. तेवढ्यात अनसूयाबाई रोजच्यासारख्या आल्या. पारा पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि आल्या पावली बाहेर गेल्या.

लग्नसराई होती. भाड्याची एकही गाडी गावात रिकामी नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत मात्र एक अँबॅसडर उभी होती, टपापासून चाकापर्यंत झेंडूनं मढवलेली, आणि आत नवरदेव बसलेला. वाजंत्री सुरू झाली होती. पुढचं मला निर्मलानं सांगितलं, ती त्यांच्या मागोमाग धावत गेली होती.

अनसूयाबाई गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. वाजंत्री आपोआप थांबली.

"नवरदेवा, उतर बावा."

"काऊन?"

"गाडी पाह्यजे. मानूस अकोल्याले न्याचा हाय. आता, याच घडीले."

नवरदेवाचे वडील पुढे आले. "बाई, मुहूर्त टळते ना!"

"मुहूर्त भटजी दुसरा काढून देते. ताप देत नाही."

वडील काही बोलणार तोच नवरदेव बाशिंग सावरत खाली उतरला. "घेऊन जा मावशी. मी पायदळ जातो, मांडव काही पळून नाही जात." अनसूयाबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोन्ही हातांनी गाडीवरचे हार ओरबाडून काढले. आत सीटवर पसरलेल्या पाकळ्यासुद्धा झटकल्या. फुलं वॉर्डातही येऊ देत नसत. मला घेऊन गाडी निघाली तेव्हा टपावर सुतळ्या तेवढ्या लोंबत होत्या.

अकोल्याच्या डॉक्टरांना मुंबईहून आधीच सगळं समजावून ठेवलेलं होतं. आम्ही पोचताच शिरेतून औषध सुरू झालं. काही दिवस मी ग्लानीत होतो, मग ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "सर, दिवेलागणीपर्यंत थांबला असतात, तर आज माझ्याशी बोलत नसता." मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात बसून, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या.

खामगावात परतल्यावर अनसूयाबाई त्या लग्नघरी गेल्या. नव्या सुनेला लुगडं दिलं आणि म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी एक जीव वाचवला. असा नवरा सगळ्याईले नाही भेटत. सांभाळ."

वर्षभरानं मी पुन्हा शिकवायला लागलो. डोळे कोरडे राहिले, तोंडाला चव उशिरा आली, उन्हात गेलो तर कातडी भाजल्यासारखी होई. पण मी उभा होतो. मला वाटलं, अनसूयाबाईंचं माझ्याकडचं काम संपलं. त्यांना तसं वाटत नव्हतं. एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "सर, उद्या माह्यासंगं चला. नमुना पाह्यजे."

"कशाचा नमुना?"

"जित्या मानसाचा."

लोणारकडचा किसन नावाचा एक शिंपी होता, तिशीतला. त्याचा आजार माझ्यासारखाच. भावंडांच्या तपासण्या झाल्या, आणि थोरली बहीण मथुरा तेवढी जुळली. ती चिखलीजवळच्या खेड्यात दिलेली. तिच्या सासूनं साफ नाही म्हटलं होतं. सुनेच्या हाडाला भोकं पाडायची नाहीत, पुढं तिला मूल होणार नाही, ती कायमची अधू होईल. किसनच्या म्हाताऱ्या बापानं तिथं जाऊन पागोटं पायावर ठेवलं, तरी उपयोग झाला नाही.

पण आम्ही आधी चिखलीकडे गेलो नाही. अनसूयाबाईंनी बस वाटेत सोडली आणि मला एका शेतात नेलं. ज्वारी कापलेली होती, आणि एक उंच, रुंद खांद्याचा माणूस कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. तो श्रीपत, त्यांचा दीर. रामभाऊ गेल्यापासून दीर-भावजय एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यानं पाहिलं, पण हातातली पेंढी सोडली नाही. "काऊन आल्या वयनी?"

"तुमाले न्याले आली. एका बाईले सांगा का मगज देल्यानं मानूस मरत नाही."

"देनारा मरत नाही," श्रीपत म्हणाला. "घेनारा मरते. माह्या मगजानं माहा भाऊ गेला. माह्यातच काही खोट होती. मी कोनत्या तोंडानं सांगू कोनाले?"

अनसूयाबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसल्या. मी त्यांना कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं.

"श्रीपतभाऊ, हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कोनं सांगाले पाह्यजे? मले दिसते ना."

"मुंबईच्या डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. तुमचा मगज लागला होता. नवं रक्त सुरू झालं होतं त्याईच्या अंगात, थे तुमचंच होतं. तुमी देल्लेलं खोटं नाही निघालं. आपलं घर खोटं निघालं. हार घेऊन उभे राह्यलो आपुन सगळे."

श्रीपतच्या हातातली पेंढी सुटली. तो म्हणाला, "आन् हे तुमी मले इतके वर्सं काऊन नाही सांगतलं?"

"मले वाटे तुमाले ठाऊक हाय. मले वाटे तुमी माह्यावर रागावून हा, हारासाठी." त्या थांबल्या. "चुकलं माह्यं."

तो खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. एवढा मोठा माणूस. मी दुसरीकडे पाहत राहिलो. अनसूयाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याच्या राहिलेल्या पेंढ्या बांधू लागल्या. शेवटची पेंढी बांधून झाल्यावर त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "चला. कोनती बस हाय?"

मथुराच्या सासरी आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बैलगाडीतून ज्वारीची पोती उतरवणं चालू होतं. सासू ओट्यावर बसून देखरेख करत होती. अनसूयाबाईंनी आम्हा दोघांची ओळख करून दिली: हा घेणारा, हा देणारा. सासूनं मला नखशिखान्त न्याहाळलं, पण तिचं समाधान झालं नाही. "हा मानूस तं तसाच बारीक हाय," ती म्हणाली.

तेव्हा श्रीपत उठला. कुणी सांगितलं नव्हतं. गाडीतलं भरलं पोतं त्यानं एकट्यानं पाठीवर घेतलं आणि पायऱ्या चढून घरात नेऊन टाकलं. परत येऊन दुसरं घेतलं. मग ओट्यासमोर उभं राहून, धाप न लागता म्हणाला, "माय, कमरेतून मगज काढला माह्या. दोन दिवस ठनकलं, मंग काही नाही. हाडात पुन्हा भरते थो, विहिरीले पानी येते तसा. त्याच्यानंतर मले लेकरू झालं एक."

"तुले झालं का तुह्या बायकोले?" सासू म्हणाली, आणि अंगणातले गडी हसले. ती स्वतःही हसली, पण लगेच तोंड आवळलं. "मरदाची गोष्ट येगळी, बाईची येगळी."

आतून मथुरा बाहेर आली. पदर डोक्यावर, हाताला पीठ. सासूसमोर ती कधी बोलली नसावी, कारण सगळं अंगण गप्प झालं. "आत्याबाई," ती म्हणाली, "मी जाते. थो मेला आन् मी गेली नसन, तं या घरात माह्या हातची भाकर तुमाले गोड लागन काय?"

सासूनं ज्वारीच्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जा. पन संगं मी येईन. काय करते डॉक्टर थे मी पाहीन."

ती खरंच गेली. मुंबईत मथुराच्या खाटेशी बसून राहिली आणि नर्सला जेरीस आणलं म्हणतात. किसनचं सोपं गेलं नाही. बहिणीच्या पेशी त्याच्या अंगाशी भांडत राहिल्या. अंगभर पुरळ उठलं, जुलाब झाले, बोटांची कातडी ताठरली. सुईत दोरा ओवणं त्याच्यानं पुन्हा झालं नाही. ते त्याची बायको करते. पण मशीन तो चालवतो. त्यानं शिवलेला सदरा मी कित्येक वर्षं वापरला.

असं एकेक करत जिल्ह्यात मगज बदललेली बरीच माणसं झाली. कुठं अनसूयाबाई स्वतः दारात बसत, कुठं घरातल्याच एखाद्या सुनेला, आजीला बसवत. "कडू जिभेची पाहा," त्या सांगत. "गोड बोलनारीचं हे काम नाही." प्रत्येक गावात तापाच्या वेळी गाडी कुणाची मागायची, हे त्या आधीच ठरवून येत. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी मला एकदा तपासणीच्या वेळी विचारलं, "तुमच्याकडचे रोगी ताप आला की लगेच कसे पोचतात? बाकीचे दोन-दोन दिवस घालवतात." मी अनसूयाबाईंचं सांगितलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं, आणि घरी जाणाऱ्या सगळ्या रोग्यांच्या नातेवाइकांसमोर उभं केलं. बाई आपल्या वऱ्हाडीत बोलल्या. गुजराती, तेलुगू बोलणारे लोकही होते. कुणाला किती कळलं कोण जाणे, पण शेवटी त्यांनी साबणाची वडी वर धरली आणि एकेकाला नळापाशी उभं करून हात धुवायला लावले, डॉक्टरांसकट. तेवढं सगळ्यांना कळलं.

सगळेच वाचले असं नाही. चिखलीच्या प्रमिलाताई वाचल्या नाहीत. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मगज लागला, काही महिने चांगले गेले. अनसूयाबाई त्यांच्या दारात जितक्या बसल्या तितक्या क्वचितच कुठं बसल्या असतील. प्रमिलाताईंची स्वतःची आई खिडकीतून बोलायची, आणि दोन्ही मुलं शाळेतून आल्यावर गजाला धरून दिवसभराचं सांगायची. मग आजारच परतला. मुंबईहून निरोप आला की आता करण्यासारखं काही नाही.

मी त्या दिवशी तिथं होतो. अनसूयाबाईंनी तो निरोप प्रमिलाताईंच्या यजमानांकडून दोनदा वदवून घेतला. "काहीच नाही?" "नाही." त्या उठल्या. दारातलं स्टूल उचललं आणि अंगणात नेऊन भिंतीशी ठेवलं.

"आता दार उघडं ठेवा," त्या म्हणाल्या. "येऊ द्या सगळ्याईले."

मुलं उंबऱ्याशी थबकली. इतक्या महिन्यांची सवय. अनसूयाबाईंनी दोघांना पाठीमागून हलकेच आत ढकललं. मुलगी खाटेवर चढून आईच्या कुशीत शिरली. नंतर प्रमिलाताईंची आई आली, बहिणी आल्या, शेजारपाजार आला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुली फुलं घेऊन आल्या आणि अनसूयाबाईंना पाहून दारातच थांबल्या. गावात त्यांचा धाक होता. बाईंनी त्यांच्या हातातली फुलं घेतली, आत गेल्या आणि प्रमिलाताईंच्या उशाशी ठेवली. प्रमिलाताई त्यांचा भेगाळलेला हात धरून म्हणाल्या, "बाई, आता तुम्हीही बसा ना आत."

त्या बसल्या. हातात निवडायला काही नव्हतं.

प्रमिलाताई गेल्यावर आम्ही बसनं परत निघालो. खामगावला उतरताना अनसूयाबाई म्हणाल्या, "उद्या नांदुऱ्याले जाचं हाय. एक मास्तर आला मुंबईहून. सकाळची गाडी किती वाजता असते?"

त्यांचा शेवट पुढे बऱ्याच वर्षांनी मलकापूरला लेकीकडे झाला, झोपेत. तोवर मुंबईत या उपायाला पुष्कळ बळ आलं होतं, औषधं सुधारली होती, पूर्वी ज्यात माणसं जायची त्यातून वाचू लागली होती. बाईंच्या दहाव्याला मुंबईच्या त्या सिस्टर आल्या होत्या, निवृत्त होऊन केस पांढरे झालेल्या. पण मला अनसूयाबाई आठवतात त्या त्याच्या वर्षभर आधीच्या, शेगावच्या स्टेशनावरच्या.

जळगाव जामोदची वैशाली नावाची दोन मुलांची आई मगज बदलायला निघाली होती. सोबत नवरा, मगज देणारा भाऊ, आणि स्टेशनापर्यंत पोचवायला आलेली आई. अशा वेळी अनसूयाबाई रोग्यासोबत जात, वॉर्डात घडी बसेपर्यंत राहत. मी त्यांना पोचवायला म्हणून गेलो होतो. गाडी आली. गर्दी होती. त्या म्हणाल्या, "सर, तुमी वर चढा आन् तिच्यासाठी खिडकीची जागा धरा."

मी चढलो, जागा धरली. वैशाली बसली, तिचा नवरा बसला, भाऊ बसला. खिडकीतून हात बाहेर काढून मी म्हणालो, "या, मी उतरतो, तुम्ही चढा."

त्या हलल्या नाहीत. त्यांनी पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"मले गुडघे राह्यले नाहीत आता," त्या म्हणाल्या. "तुमाले हायेत."

"अहो, पण माझं घरी काही सांगितलेलं नाही, कपडे नाहीत..."

"निर्मलाले मी सांगतलं सकाळीच. कपडे पिशवीत हायेत."

गाडीनं धक्का दिला. मी वैशालीकडे पाहिलं, ती घाबरून माझ्याकडेच पाहत होती, आणि मी खाली उतरलो नाही.

मी खिडकीतून मागे पाहिलं. वैशालीची आई पदर तोंडात कोंबून गाडीबरोबर धावू पाहत होती. अनसूयाबाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं. तिला समजावत बसल्या नाहीत. नुसतं वळवलं, आणि एक हात तिच्या काखेत घालून, आपले दुखरे पाय ओढत, तिच्या पावलाशी पाऊल जुळवत फाटकाकडे चालू लागल्या. गाडीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.